वाफ थांबवण्याआधी

नाकाडोंगरी गावात ‘शटडाऊन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो खांबावर चढलेला लाइनमन आणि बंद पडलेली पिठाची गिरणी. दोन-चार तासांत लाइन येते, गिरणीपुढचे डबे पुढे सरकतात. तिकडे तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात हाच शब्द निघाला की ६६० मेगावॅटचा अख्खा संच कित्येक दिवस थंड पडणार असतो. असे पाच संच तिथे आहेत, मिळून ३,३०० मेगावॅट. पाणी आपल्याच वैनगंगेचं.

संच थांबवायचा मुहूर्त केंद्राला एकट्याने काढता येत नाही. वर्षाचं वेळापत्रक पश्चिम क्षेत्रीय विद्युत समितीत ठरतं, आणि ऐन वेळी विजेची मागणी-पुरवठा सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राचा होकार लागतो. पसंती पावसाळ्याला, कारण तेव्हा कूलर आणि कृषिपंप गप्प असतात. २०२४च्या उन्हाळ्यातही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने नियोजित देखभाल पावसाळ्यावर ढकलली होती. पण पावसाचा भरवसा कोणी द्यावा? २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि विजेची मागणी ऐन पावसाळ्यात चढली. रोवणी झालेली बांधी भेगाळायला लागली तर शेतकरी मोटर लावणारच.

तयारी मात्र संच धडधडत असतानाच सुरू होते. आपल्या कोळशात राख फार, कधी ४० टक्क्यांपर्यंत. ती वाळूसारखी बॉयलरच्या नळ्या घासत राहते. मागच्या खेपेला कोणती नळी किती झिजली होती, त्या नोंदी काढून यंदा किती बदलायच्या हे आधीच ठरवावं लागतं. हे काही तुमसरच्या बाजारात मिळणारं सामान नव्हे. उच्च दाबाच्या नळीला जोड मारणारे पात्र वेल्डरही पावसाळ्यात सगळीकडेच हवे असतात. बॉयलर उघडल्यावर सामानाची यादी करायला बसणाऱ्याचं वेळापत्रक तिथेच कोसळलं म्हणून समजा.

वाफ बंद केली म्हणून टर्बाइन लगेच उघडता येत नाही. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा तो टनावारी वजनाचा रोटर गरम असताना एका जागी थांबला, तर वरची बाजू तापलेली, खालची निवलेली राहून वाकतो. म्हणून शेकोटीवरचं कणीस फिरवत राहावं तसा तो बारिंग गिअरवर सावकाश फिरवत ठेवतात, पुरता निवेपर्यंत. टर्बाइन उघडल्यावर जवळ जाणाऱ्याचे खिसे रिकामे करतात. पाने, हातोड्या मोजून आत जातात, मोजूनच बाहेर येतात. आत राहिलेला एक नट पाती फोडायला पुरतो.

सगळ्यात जपायचा कागद म्हणजे परमिट, कामाची लेखी परवानगी. बॉयलरच्या पोटात माणूस शिरण्याआधी पंख्याचा ब्रेकर बाहेर ओढतात, त्याला कुलूप लावतात, ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी अडकवतात. आतला शेवटचा माणूस बाहेर येऊन परमिट परत होईपर्यंत ते कुलूप निघत नाही.

वेळेवर न थांबण्याची किंमत उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहारच्या वीज केंद्राने मोजली आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथल्या ५०० मेगावॅटच्या संचात भट्टीच्या तळाशी राखेची ढेकळं साचली होती, तरी संच चालूच होता. स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसं गेली.

गावातल्या शटडाऊनलाही कुलूप लागतंच, फक्त ते आपल्या हाती असतं. लाइन बंद असताना जनरेटर लावणार असाल, तर आधी मेन स्विच खाली करा. नाहीतर तुमच्या घरची वीज उलटी तारेत जाते, आणि खांबावर आपलाच लाइनमन असतो.