पहिलं पुस्तक काढताय? समारंभाआधी हे करा

सभागृह ठरतं, प्रमुख पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. त्या संध्याकाळी ओळखीपाळखीतल्या पन्नासेक प्रती जातात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली सरकतात. पदरमोड करून पहिलं पुस्तक काढणाऱ्या कितीतरी मराठी लेखकांच्या वाट्याला हेच येतं. लेखन वाईट असतं असं नाही. पैसा आणि उत्साह चुकीच्या ठिकाणी खर्ची पडतो. समारंभाचा निम्मा खर्च संपादनावर आणि उरलेला वाचकापर्यंत पोचण्यावर केला, तर त्याच पुस्तकाचं नशीब बदलतं.

पहिलं काम संपादनाचं. हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवा, मग सलग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते ते वाक्य मोडा. नात्यागोत्याबाहेरच्या दोघातिघांना वाचायला द्या आणि ‘कसं वाटलं?’ असं न विचारता ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा. त्यानंतर जाणत्या संपादकाला योग्य मोबदला देऊन काम सोपवा.

मुद्रितशोधनाला तर पर्याय नाही. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं बिघडतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द आणि रफार पुन्हा एकेक करून तपासावे लागतात. मांडणी झाल्यावर पानं कागदावर छापून घ्या आणि मगच शेवटचं प्रूफ पाहा. पडद्यावर सुटलेली चूक कागदावर सापडते.

प्रकाशकाशी तोंडी बोलण्यावर थांबू नका, लेखी करार करा. आवृत्ती किती प्रतींची, मानधन किती टक्के, हिशेब कधी मिळणार, ई-बुक, ऑडिओबुक आणि अनुवादाचे हक्क कुणाकडे, हे त्यात स्पष्ट हवं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते मानले जातात. स्वतः प्रकाशित करणार असाल, तर आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

आता विक्री. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’नं वाचक चळवळ उभी केली, वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि पुस्तकं गावोगाव नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) ही पुस्तकं ‘ग्रंथाली’नंच वाचकांपुढे आणली. माने यांचं तर ते पहिलंच पुस्तक. विषयात ताकद होती, आणि ते वाचकाच्या दारापर्यंत नेणारी माणसंही होती.

आजही वाट तीच आहे. तुमचं पुस्तक शेतीवर असेल तर कृषी प्रदर्शनात जा, बालकथा असतील तर शाळेत जाऊन गोष्ट सांगा. आपल्या तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयात एक प्रत घेऊन जा आणि तिथल्या वाचकांसमोर दहा मिनिटं वाचन करा. पुस्तकातलं एखादं प्रकरण दिवाळी अंकाला द्यायचं असेल, तर उन्हाळ्यातच संपादकांना विचारा. परीक्षणासाठी प्रती सरसकट वाटू नका. त्या विषयावर लिहिणाऱ्या मोजक्या लोकांना सोबत चार ओळींचं पत्र लिहून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मुखपृष्ठ टाकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पुस्तकातला एक चांगला परिच्छेद टाका, त्याखाली किंमत आणि प्रत मिळण्याचं ठिकाण द्या. नुसतं मुखपृष्ठ पाहून कुणी पुस्तक मागवत नाही, मजकूर आवडला तर मागवतं.

हे सगळं करायला किमान वर्ष लागतं, आणि प्रकाशक कितीही चांगला असला तरी ते वर्ष लेखकालाच द्यावं लागतं. म्हणून सभागृहाची तारीख घेण्याआधी संपादक शोधा आणि ज्या वीस ग्रंथालयांत तुम्ही स्वतः जाणार आहात, त्यांची यादी आजच करा.