परसबागेतील वाल

परसबागेतील वाल : वाल ही शिंबावंत (लेग्युमिनोजी) कुलातील वेल असून तिचे शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस असे आहे. जुन्या ग्रंथांत ती डॉलिकॉस लॅबलॅब या नावाने आढळते. संस्कृतमध्ये तिला निष्पाव व हिंदीत सेम म्हणतात. तिच्या रानटी जाती आफ्रिकेत आढळतात. तथापि भारतातही तिची लागवड फार प्राचीन असून दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत तिचे दाणे मिळाले आहेत.

मराठीत या एकाच जातीच्या निरनिराळ्या प्रकारांना वाल, कडवे वाल, पावटा, वालपापडी व घेवडा अशी नावे असून ती प्रदेशपरत्वे बदलतात. कोवळ्या शेंगांसाठी लावतात तो घेवडा किंवा वालपापडी, ओल्या दाण्यांसाठी पावटा आणि प्रामुख्याने वाळलेल्या दाण्यांसाठी कडवे वाल, असा स्थूल भेद करता येतो. श्रावण घेवडा (फरसबी) व वाघ्या घेवडा हे मात्र फॅसिओलस या निराळ्या वंशातील असून मूळचे अमेरिकेतील आहेत.

उत्तर कोकणातील स्थान : ठाणे व रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यांत खरीप भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची जुनी पद्धत आहे. थंडीतील दव व जमिनीतील ओल एवढ्यावर हे पीक साधते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करीत असल्यामुळे जमिनीचा कसही टिकतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्रावर नवी मुंबईची आखणी केली. या क्षेत्रातील भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी हळूहळू नगरे उभी राहिली. खाचर गेले की त्यातील दुबार पीकही जाते आणि घरोघर राखलेले गावठी बियाणे पेरणीअभावी दोनतीन वर्षांत उगवणक्षमता गमावते. त्यामुळे या भागात गावठाणातील परडे, बैठ्या घराचे अंगण व इमारतीची गच्ची या जागांना वालाच्या बाबतीत भाजीपुरतेच नव्हे, तर वाण टिकविण्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे १९८०–९० या दशकात उभारलेल्या वसाहतीत प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर असून त्याला उघडे अंगण ठेवले आहे. अशा अंगणात एक मांडव सहज सामावतो.

हंगाम : वाल ही लघुदिवसीय वनस्पती आहे. दिवसमान कमी होऊन रात्र पुरेशी लांबल्याशिवाय गावठी वेलींना फुले येत नाहीत. जूनमध्ये लावलेली वेल पावसाळाभर केवळ पाने व तणावे वाढविते आणि फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरते. उलट जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली वेल दिवसमान वाढत गेल्याने बहुधा पुढील हिवाळ्यापर्यंत फुलत नाही. शहरात वेलीवर रस्त्यावरील दिव्याचा प्रखर प्रकाश रात्रभर पडत असल्यास फुलोरा लांबण्याचा संभव असतो. बंगलोर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले अर्का जय व अर्का विजय हे बुटके वाण दिवसमानाला फारसा प्रतिसाद देत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शेंगांच्या भाजीसाठी कोकण भूषण हा वाण प्रसारित केला आहे.

लागवड : पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन या पिकाला मानवते. खाडीलगतच्या भरावाची जमीन बहुधा खारी व चिकट असते. तेथे बाहेरून गोडी माती आणून ३० सेंमी. उंचीचे वाफे करावे लागतात. मांडवावर चढणाऱ्या वेलींसाठी पावसाच्या आरंभी सु. ४५ सेंमी. खोलीची आळी खणून त्यांत कुजलेले शेणखत मिसळतात. आळ्यांत १ ते १·५ मी. अंतर ठेवून प्रत्येकी तीनचार बिया टोचतात व रोपे वाढीस लागल्यावर त्यांतील दोन जोमदार ठेवतात. बुटके वाण आणि कडवे वाल पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओळींत लावतात. गच्चीवर निदान ४० सेंमी. खोलीची, तळाशी छिद्रे असलेली कुंडी व रोज सहा तासांचे ऊन आवश्यक असते. कुंडीतील माती लवकर वाळते. त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात पाण्याची हयगय झाल्यास कळ्या गळतात. नायट्रोजनयुक्त खत जास्त दिल्यास वेल माजते व शेंगा कमी धरतात.

रोग व किडी : कोवळे शेंडे व फुलोरा यांवर काळा मावा येतो. प्रारंभी तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढता येतो. ढालकिडे मावा खातात, म्हणून ते दिसत असल्यास फवारणी टाळणे हितावह असते. उपद्रव वाढल्यास ५% निंबोळी अर्क मधमाश्यांचा वावर थांबल्यावर सायंकाळी फवारतात. शेंगा पोखरणाऱ्या अळ्या वेचून नष्ट करतात. हिवाळ्याच्या अखेरीस पानांवर भुरी रोग पडतो. दाट पाने विरळ केल्यास त्यास आळा बसतो.

काढणी : वालाची काढणी तीन अवस्थांत होते. भाजीसाठी शेंग पूर्ण लांबीची झाली, पण आतील दाण्याचा उभार नुकताच जाणवू लागला की तोडतात. त्यानंतर साल तंतुमय होते. दर तीनचार दिवसांनी तोडा केल्यास नवीन फुले येत राहतात. त्याच दांड्यावर पुढेही शेंगा धरत असल्याने शेंग ओढून न काढता देठाशी खुडावी लागते. ओल्या दाण्यांसाठी शेंग हिरवी असतानाच, दाणे पूर्ण भरल्यावर काढतात. वाळलेल्या दाण्यांसाठी शेंगा पिवळसर होऊन खुळखुळू लागल्या की त्या सकाळी, दव असताना तोडतात. उन्हात शेंगा तडकून दाणे उडतात.

रायगड जिल्ह्यात जानेवारीच्या सुमारास भरलेल्या शेंगांची पोपटी करतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरून त्यावर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा रचतात, त्याच पाल्याने तोंड बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवितात. पाणी न घालता शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात.

बियाणे व साठवण : बियाण्यासाठी निरोगी वेलीवरील आरंभीच्या बहारातील काही शेंगा न तोडता पूर्ण पिकू देतात. वालात मुख्यतः स्वपरागण होत असले, तरी कीटकांमुळे काही प्रमाणात परपरागणही होते. म्हणून बियाण्याची वेल दुसऱ्या प्रकारापासून दूर ठेवणे इष्ट असते. शेंगेत शिरलेल्या भुंगेऱ्याची अळी साठवणीत दाणे पोखरते. यासाठी दाणे कडकडीत वाळवून, चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतात. पेरणीपूर्वी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून किती रुजतात हे पाहिल्यास बियाण्याची पारख होते. बियाण्याच्या दृष्टीने एका घरी जपलेला वाण नष्ट होण्याची भीती असते. तोच चारपाच घरी वाटलेला असल्यास एका ठिकाणी पीक बुडाले तरी बी परत मिळू शकते.

उपयोग : वाळलेल्या दाण्यांत सु. २५% प्रथिने असतात. त्यांत सायनाइडजनक ग्लुकोसाइडे व पचनास बाधक द्रव्येही असल्यामुळे ते कच्चे खाणे धोक्याचे असते. दाणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणे, मोड आणणे, कोमट पाण्यात घालून साल काढणे व चांगले शिजविणे या घरगुती क्रियांनी हे दोष बऱ्याच अंशी दूर होतात. अशा सोललेल्या डाळिंब्यांचे नारळ, आमसूल व गूळ घालून केलेले बिरडे कोकणात, विशेषतः श्रावणात, आवडीने खातात. काढणीनंतर वेल मुळासकट न उपटता जमिनीलगत कापतात. गाठींसह मुळे मातीत कुजून तिचा कस वाढवितात, तर पाला गुरांना चारा म्हणून किंवा खतासाठी उपयोगी पडतो.