अब्बांची एम-80 आणि देगीचं लाकूड

गेल्या वर्षीच्या वादळात आमच्या बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली. भाईजानच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लाकूड उन्हात वाळलं तर दावतीला कामाला येईल, म्हणून फांद्या छाटून खोड तसंच ठेवलं. आमच्या लासूर स्टेशनला आता घरोघरी गॅस आहे, पण नान-खलियाची देग लाकडावरच चढते. भटारी पहिला प्रश्न विचारतो, "लाकूड बाभळीचं आहे ना? वाळलेलं आहे ना?" बाभळीचा निखारा बराच वेळ टिकतो. ओलं लाकूड मात्र अर्धी आच स्वतःतलं पाणी आटवण्यात घालवतं आणि वर डोळे झोंबवतं.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा भाईजानने ओळखीच्या माणसाकडून लाकूड कापायची मशीन, म्हणजे चेनसॉ, उसनी आणली. स्वतःच्या मोटारसायकलसाठी ठेवलेल्या बाटलीतलं पेट्रोल तो मशीनच्या टाकीत ओतणार, एवढ्यात माझा अकरावीतला मुलगा ओरडला, "मामू, रुको! इसमें ऑइल नै है!"

हे त्याला कुणी शिकवलं? त्याच्या नानांच्या एम-80 ने.

पडवीतली शाळा

बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि 1986 मध्ये एम-80 बाजारात आली. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी तिला खेचरासारखं राबवलं. अब्बा तिच्यावर कांद्याच्या गोणी मार्केटला न्यायचे, येताना आम्हा भावंडांना बसवून आणायचे. अब्बांच्या इंतकालनंतर गाडी पडवीत धूळ खात पडली. लॉकडाऊनच्या दिवसांत मुलाने ती उघडली. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून चिकट झालं होतं, कार्बोरेटरचं जेट बुजलं होतं, प्लग काळा पडला होता. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं, हवेने साफ करावं, हे त्याला गावातल्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलं. रबरी नळी आणि प्लग बदलल्यावर, कित्येक किका मारून झाल्यावर, ती फटफटली. अम्मी आतून धावत आल्या. अब्बाच आले असं त्यांना क्षणभर वाटलं.

जुनी एम-80 टू-स्ट्रोक आहे. हल्लीच्या मोटारसायकलींच्या इंजिनात ऑइल वेगळं भरलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच इंजिनाच्या पोटातून जातं, म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पेट्रोलवर चालणारी चेनसॉ सहसा याच जातीची असते. 50 ला 1 असं प्रमाण असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 25 ला 1 असेल तर 40 मिली. आपल्या मशीनचं प्रमाण तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन घासून जाम होतो. साखळीचं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी.

अशी उसनी मशीन वाचली. सगळे खूश झाले.

पण हात वाचला नाही

अर्ध्या तासाने भाईजान ओंडका कापत असताना पात्याचं टोक मागच्या फांदीला लागलं. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी तिथे अडकते आणि सगळं पातं झटक्यात वर, कापणाऱ्याच्या अंगावर उसळतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडतं. अशा वेळी साखळी थांबवण्यासाठी पुढच्या गार्डला ब्रेक असतो. या मशीनचा ब्रेक लागतच नव्हता आणि सुरू करण्यापूर्वी तो कुणी तपासला नव्हता. डाव्या हाताला कोपराखाली अकरा टाके पडले. चार बोटं वर लागलं असतं तर काय, हे आजही आम्ही घरात बोलत नाही.

त्या वेळी कुणीतरी हळद आणायला धावलं. मी ओढणीची घडी जखमेवर घट्ट दाबली, हात वर धरला आणि गाडी बोलावली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाब सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, तेच बरोबर केलंत. दातेरी साखळी पात्याभोवती फिरवून कापायची युक्ती जर्मनीच्या बर्नहार्ड हाइने यांनी 1830 च्या सुमारास हाड कापण्यासाठी काढली होती, हे मी नंतर वाचलं. ज्या युक्तीने हाड कापलं जायचं, तिच्यापुढे आपण चप्पल घालून उभे राहतो!

घरातले नवे नियम

त्या रात्री मी मुलाच्या पान्यांची पेटी उचलून कपाटात ठेवली. अम्मी म्हणाल्या, "त्याला जे येत होतं, त्याने मशीन वाचली. जे कुणालाच येत नव्हतं, त्याने हात कापला. मग शिकणं बंद करून काय होणार?" वीस वर्षं शिकवणाऱ्या मला यावर उत्तर नव्हतं. पेटी परत दिली, पण काही गोष्टी ठरवून.

मशीन सुरू करण्यापूर्वी ब्रेक तपासायचा, साखळीला धार आहे का पाहायचं. बूट, जाड पँट, चष्मा, कानाला बोळे हवेतच. सैल कुर्ता, ओढणी, गळ्यातला रुमाल नको. टोकाने कापायचं नाही, खांद्याच्या वर मशीन उचलायची नाही, एकट्याने काम करायचं नाही. पोरंबाळं लांब. पेट्रोलचा कॅन चुलीपासून दूर, आणि इंजिन बंद खोलीत सुरू करायचं नाही, कारण त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. आणखी एक. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या कायद्यानुसार तोडण्याआधी परवानगी लागते.

लग्न वेळेवर झालं, अल्हम्दुलिल्लाह. उरलेलं लाकूड कुऱ्हाडीने फोडलं. भाईजान हात गळ्यात बांधून दारात पाहुण्यांना सलाम करत उभा होता.

एम-80 आता रोज सकाळी सुरू होते आणि पडवीतच बंद होते. तिचं रजिस्ट्रेशन नव्याने करून घ्यायचं आहे आणि मुलाला अठरा पूर्ण व्हायला सात महिने आहेत. तोवर चावी माझ्या पर्समध्ये आहे.