मासा, आंबा आणि तागाचं शेत

चेन्नईहून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की पेरुंगुडी लागते. रस्त्याच्या कडेला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्यामागे पळ्ळिकरणैची दलदल. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि तिच्याच एका अंगाला शहराच्या कचऱ्याचा डोंगर उभा आहे. तमिळमध्ये ‘पेरुम’ म्हणजे मोठी आणि ‘कुडी’ म्हणजे वस्ती. शेजारच्या गावांची नावं थोरैपाक्कम, पालवाक्कम, कोट्टिवाक्कम अशी आहेत. या नावांच्या शेवटी येणारा ‘पाक्कम’ हा शब्द प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात समुद्रकाठच्या वस्तीसाठी येतो. डोंगरातल्या वस्तीला वेगळा शब्द, शेतशिवारातल्या गावाला वेगळा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कविता उलगडण्याची एक किल्ली इथल्या बसथांब्यांच्या पाट्यांवर अशी उघड्यावर टांगलेली आहे.

त्या किल्लीचं नाव ‘तिणै’.

संगम काळातल्या तमिळ कवींनी प्रेमाच्या कवितेसाठी पाच प्रदेश ठरवून घेतले आणि एकेका प्रदेशाला मनाची एकेक अवस्था बांधून दिली. डोंगर म्हणजे कुरिंजी, तिथे प्रेमिकांचं मीलन. रान आणि कुरणं म्हणजे मुल्लै, तिथे धीराने वाट पाहणं. भातशेतीचा मुलूख मरुतम, तिथे नवऱ्याचं बाहेर जाणं आणि बायकोचा रुसवा. समुद्रकाठ नेय्दल, तिथे विरहाची काळजी. आणि करपलेली, ओसाड वाट म्हणजे पालै, तिथे ताटातूट. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरणग्रंथाच्या तिसऱ्या भागात याचे नियम आले आहेत. प्रत्येक तिणैला तिचा प्रहर, तिचा ऋतू, तिचा देव, पक्षी, झाड, व्यवसाय, इतकंच काय, वाजवायचा ढोलसुद्धा ठरलेला. त्यामुळे कवितेत मध्यरात्र, झरा आणि मोर आले की ‘ती भेटीला आली आहे’ हे कवीला वेगळं सांगावं लागत नाही.

या पाचही प्रदेशांची नावं फुलाझाडांवरून आली आहेत आणि त्यातली चार मराठी माणसाच्या ओळखीची आहेत. मुल्लै म्हणजे जुई. नेय्दल हे पाण्यातलं निळं कमळ. मरुतमला काही अभ्यासक अर्जुनवृक्ष म्हणतात, तर काही ताम्हण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. आणि बारा वर्षांनी एकदा फुलणारी निळी कुरिंजी ही सह्याद्रीतल्या कारवीची सख्खी बहीण आहे. कारवीही अशीच सात-आठ वर्षं गप्प राहून एकदम डोंगर जांभळा करून टाकते.

‘कुरुंतोगै’ हा चारशे छोट्या कवितांचा संग्रह. त्यातल्या तिसऱ्या कवितेत एक मुलगी आपल्या प्रेमाची मोजदाद करते. जमिनीहून मोठं, आभाळाहून उंच, पाण्याहून खोल, असं ती म्हणते. मग ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याबद्दल सांगते, तर एवढंच, की त्याच्या डोंगरावर काळ्या देठांच्या कुरिंजीच्या फुलांतून मधमाश्या मध करतात. घाईने वाचणाऱ्याला हे निसर्गवर्णन वाटेल. पण कारवी फुललेली ज्याने पाहिली आहे, तो क्षणभर थांबेल. इतक्या वर्षांनी येणारं फूल, त्याच्या इवल्या इवल्या फुलोऱ्यातून थेंबाथेंबाने साठलेला मध आणि तोही उंच कड्यावर. आधी नुसतं अफाट वाटणारं प्रेम आता दुर्मिळ होतं आणि जपून साठवलेलंही. हा सगळा अर्थ मधाच्या एका पोळ्यात मावला आहे, आणि त्यासाठी मुलीला स्वतःच्या मनाबद्दल आणखी एक शब्दही बोलावा लागलेला नाही.

मराठी वाचकाला प्रतीक म्हटलं की शाळेतलं गाइड आठवतं. मर्ढेकरांच्या पिंपातले उंदीर म्हणजे कोण, या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर लिहायची सवय आपल्याला लागलेली असते. अमुक म्हणजे तमुक, दोन गुण. तमिळ परंपरेतला वाचक मात्र आधी दुसरेच प्रश्न विचारतो. बोलतंय कोण? कुणाशी? कुठे उभं राहून? या कवितांत माणसांना नावं नसतात, तसा दंडकच आहे. बोलतात ती ठरावीक पात्रं: ‘तो’, ‘ती’, तिची मैत्रीण, तिला वाढवणारी दाई, आणि ‘त्याची’ दुसरी बाई. बोलणारं पात्र बदललं की तोच मासा, तेच झाड वेगळा अर्थ सांगू लागतं.

याचं फर्मास उदाहरण म्हणजे कुरुंतोगैतली आठवी कविता. बोलणारी आहे ती दुसरी बाई. बायको आपल्याला नावं ठेवते, हे तिच्या कानावर आलंय आणि आता बायकोच्या माणसांना ऐकू जाईल अशा बेताने ती बोलते आहे. तो कुठला, तर ज्या गावात शेताच्या बांधावरच्या आंब्याचं पिकलेलं फळ तळ्यात गळतं आणि तळ्यातला मासा ते गिळतो, त्या गावचा. आमच्याकडे असताना बाता मोठ्या मारतो आणि घरी गेला की आरशातल्या बाहुलीसारखा. पोराच्या आईने हात उचलला की हा हात उचलतो, पाय उचलला की पाय.

आरशाचा टोमणा कुणालाही कळेल. खरी गंमत त्या माशात आहे. मासा झाडावर चढलेला नाही. त्याने फांदी हलवलेली नाही. फळ आपलं आपण पिकलं आणि आपणच तोंडात पडलं. म्हणजे ‘मी त्याला ओढलं नाही, तोच येऊन पडला’ ही त्या बाईची सगळी बाजू एका गावाच्या पत्त्यात बसली. तमिळ शास्त्रात या आत दडवलेल्या उपमेला ‘उळ्ळुरै’ म्हणतात. यात ‘सारखा’ हा शब्द कुठेच येत नाही. आणि शेत, तळं, आंबा ही सगळी मरुतमची सामग्री असल्यामुळे हा मामला नवऱ्याच्या भानगडीचा आहे, हे ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच समजलेलं असतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ आपल्या घरची आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजा हालाच्या नावावरचा हा सातशे गाथांचा संग्रह स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये मराठीत सविस्तर विवेचनासह आणला. त्यात सुरुवातीलाच एक गाथा आहे. भाताची शेतं पिकून पांढुरकी पडू लागलीत आणि एक मुलगी मान खाली घालून रडते आहे. मैत्रीण तिची समजूत घालते: अगं, रडतेस कशाला, तागाचं शेत बघ, तोंडाला पिवळा रंग फासलेल्या नटीसारखं फुललंय. शेतीची बातमी दिल्यासारखं हे बोलणं. पण भात कापला की प्रियकराला भेटायचा आडोसा जाणार, हे मुलीचं दुःख मैत्रिणीला ठाऊक आहे. डोक्याइतका वाढलेला ताग हा नवा आडोसा. शिवाय नटी रंग लावून बसली, म्हणजे खेळ आता सुरू होणार.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा काव्यातला न बोललेला अर्थ, म्हणजे ‘ध्वनी’, समजावून द्यायला त्याने गोदावरीकाठची एक प्राकृत गाथा घेतली. एक बाई एका धर्मशील गृहस्थाला सांगते, आता खुशाल फिरा, तुम्हाला छळणाऱ्या त्या कुत्र्याला नदीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकलं. शब्द ‘फिरा’ म्हणतात, अर्थ ‘फिरकू नका’ असा आहे, कारण त्याच झाडीत तिची भेटीची जागा आहे. दुसऱ्या गाथेत नेमकं उलटं. रात्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला बाई सांगते, सासू इथे झोपते, मी इथे, दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रातांधळ्या, आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. नकार देताना तिने जागा मात्र दाखवून ठेवली. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने यावर हरकत घेतली. सिंह आहे म्हणून जाऊ नये, हा सरळ तर्क आहे. त्याला ध्वनी नावाची निराळी शक्ती कशाला हवी? एका कुत्र्याच्या मरणाचा अर्थ कसा लावायचा, यावर भारतीय पंडित शतकानुशतकं भांडले.

अमेरिकी अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी 1975 मध्ये संगम कविता आणि गाथासप्तशती शेजारी ठेवून वाचल्या आणि दोन्हींच्या मुळाशी दख्खनमधली एकच लोकपरंपरा असावी असं मांडलं. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही, पण दोन्हीकडच्या मैत्रिणी एकाच आळीत वाढल्यासारख्या बोलतात खऱ्या.

या वाचनात एक धोकाही आहे. ‘हे बोलणं अमकीचं, तमक्याला उद्देशून’ अशा टिपा तमिळ कवितांना मागाहून जोडल्या गेल्या. गाथांच्या बाबतीत हेच काम गंगाधर आणि भुवनपाल यांच्यासारख्या टीकाकारांनी केलं, आणि त्यांचं एकमेकांशी नेहमी जुळतंच असं नाही. एखादी गाथा खरोखर पावसाचीच असावी, तर टीकाकार तिच्यातही चोरटी भेट शोधून काढतो. अशा वेळी मूळ शब्दांना धरून राहणं हाच वाचकाचा आधार, आणि ते शब्द हाती आहेत ही काहींच्या चिकाटीची कृपा. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी गावोगाव फिरून ताडपत्रं गोळा केली, 1894 मध्ये ‘पुरनानूरु’ हा संगम कवितांचा संग्रह छापला आणि वयाच्या ऐंशीनंतर, 1937 मध्ये, कुरुंतोगैची सटीप आवृत्ती काढली. त्यांच्या नावाचं ग्रंथालय बेझंट नगरला आहे, पेरुंगुडीपासून थोड्याच अंतरावर. दलदलीच्या पलीकडे पेरुंबाक्कमला केंद्रीय अभिजात तमिळ संस्थेची नवी इमारत 2022 मध्ये उघडली. तमिळला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला 2004 मध्ये आणि मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी. मराठीचा दावा मांडताना गाथासप्तशती हा मोठा पुरावा होता.

‘सिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्यात पालैविषयी एक नोंद आहे. पालैला स्वतःची जमीन नसते. डोंगर आणि रान उन्हाने आपला स्वभाव गमावून बसले की त्यांचीच पालै होते. त्या नोंदीत समुद्रकाठाचं नाव नाही. पळ्ळिकरणैच्या दलदलीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तोवर तिचा बराच भाग इमारतींखाली आणि कचऱ्याखाली गेला होता. नेय्दलचा प्रहर उतरत्या दुपारचा. त्या वेळी पेरुंगुडीच्या स्टेशनवर उभं राहिलं, तर झोळीसारख्या चोचीचे पक्षी उरलेल्या पाण्याकडे उतरताना दिसतात आणि कचऱ्याच्या डोंगरावरून घारी फिरत असतात.