झार्को पिटमध्ये आलाच नाही

11 मे 2025, रविवार. फ्रान्समधल्या ल माँच्या ट्रॅकवरचं आभाळ धड कोसळत नव्हतं, धड उघडतही नव्हतं. मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतीच्या, स्वाराला यापेक्षा वाईट हवा नाही. नुसता पाऊस असेल तर टायर कोणता घ्यायचा, हे तरी ठरलेलं असतं.

ही टायरची गंमत समजून घेण्यासारखी आहे. कोरड्या ट्रॅकचा ‘स्लिक’ टायर अगदी गुळगुळीत असतो, एकही खाच नाही. खाच नाही म्हणून जास्तीत जास्त रबर डांबराला बिलगतं, आणि गाडी साठ अंशांहून जास्त कलली तरी पडत नाही. अशा वेळी माणूस आणि यंत्र मिळून सगळा भार रबराच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर असतो! पण मध्ये पाण्याचा पापुद्रा आला, की त्याला निसटायला वाटच उरत नाही आणि चाक तरंगू लागतं. पावसाळी टायरला पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा असतात, रबरही मऊ. ट्रॅक सुकला, की तेच मऊ रबर तापून झिजत जातं. म्हणून प्रत्येक स्वाराच्या दोन गाड्या तयार असतात. हवा फिरली, की पिटमध्ये शिरायचं, एकीवरून उतरायचं, दुसरीवर बसायचं.

त्या दिवशी बहुतेकांनी स्लिकवर सुरुवात केली. फ्रेंच स्वार योहान झार्को पावसाळी टायरवर निघाला. पहिल्याच फेरीत गर्दीत सापडून तो पार मागे पडला. मग पाऊस वाढला. प्रेक्षकांचा लाडका, सर्वांत पुढून सुटलेला फाबिओ क्वार्तारारो घसरून बाद झाला. स्लिकवरचे बाकीचे गाडी बदलायला पिटकडे धावले. झार्कोला बदलायचं काहीच नव्हतं. तो फिरत राहिला आणि पुढे निघाला. मागे होता मार्क मार्केझसारखा कसलेला स्वार, तरी अंतर वाढतच गेलं. शेवटी ते जवळपास 20 सेकंदांचं झालं.

हा निव्वळ नशिबाचा खेळ होता, असं मला वाटत नाही. त्याची आधीची वाटचालच बघा. 1990 मध्ये कानला जन्मलेल्या झार्कोने 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षं मोटोजीपीच्या खालच्या मोटो2 गटाची जगज्जेतेपदं जिंकली होती. 2017 मध्ये कतारला मोटोजीपीतल्या पहिल्याच शर्यतीत तो आघाडीवर असताना पडला. 2019 मध्ये केटीएमची गाडी जमेना, तर करार अर्धवट सोडून बाहेर पडला. पुढच्या संघातली जागा हातात नसताना. मोटोजीपीतला पहिला विजय त्याला 120व्या शर्यतीत मिळाला, 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात. तिथेही गोष्ट रबराचीच होती. पुढे पळालेल्या होर्हे मार्टिनचा मऊ मागचा टायर शेवटी संपला, आणि झार्कोने आपला जपून ठेवला होता.

ल माँला तीन दिवसांत तीन लाखांहून अधिक माणसं आली होती. घरच्या ग्रां प्रीत सर्वोच्च गटात फ्रेंच स्वार याआधी जिंकला होता तो 1954 मध्ये, रँसला: प्येर मोनरे. मधल्या 71 वर्षांत कितीतरी फ्रेंच माणसं हा विजय न बघताच म्हातारी झाली. झार्कोचे आईवडील त्या दिवशी ट्रॅकवर होते. तो थांबला, गाडीवरून उतरला आणि विजयानंतर नेहमी मारतो तशी, चिंब कपड्यांनिशी, हवेत उलटी कोलांटी मारली.