मेंढ्याचे वीर्य फ्रीजमध्ये किती टिकते?

मेंढ्याचे वीर्य फ्रीजमध्ये ठेवले की आठवडाभर कामी येते, असे अनेक मेंढीपालक धरून चालतात. गायी-म्हशींसाठी द्रव नायट्रोजनमधल्या कांड्या गावोगाव पोचल्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण त्या कांड्या उणे 196 अंशांवर असतात, तिथे जीवनक्रियाच थांबलेली असते. फ्रीजच्या 5 अंशांवर ती फक्त मंदावते. शुक्राणू विरलकातली, म्हणजे वीर्य पातळ करण्याच्या द्रावणातली, साखर खात राहतात, आम्ल साठते, ऑक्सिडीकरणाने आवरण झिजते. मेंढ्याच्या शुक्राणूचे आवरण मुळातच नाजूक असते, कारण त्यात असंतृप्त मेदाम्ले जास्त आणि कोलेस्टेरॉल कमी.

‘मग काढल्याबरोबर बर्फात ठेवावे’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. अंगाच्या उष्णतेवरून एकदम गारठ्यात गेलेल्या शुक्राणूंना थंडीचा धक्का बसतो. ते जागच्या जागी गोल फिरतात, आवरण फुटते आणि पुन्हा ऊब दिली तरी सावरत नाहीत. म्हणून वीर्य आधी साधारण 30 अंशांच्या विरलकात मिसळायचे. मग नळी त्याच तापमानाच्या पाण्याच्या ग्लासात उभी करून ग्लाससकट फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे पाण्याबरोबर तीही सावकाश गार होते. विरलकात अंड्याचा बलक किंवा साय काढलेले दूध घालतात ते आवरण राखण्यासाठीच.

सूक्ष्मदर्शकाखाली वळवळ दिसली म्हणजे वीर्य उत्तम, असेही नाही. हालचाल टिकते, फलनक्षमता आधीच ओसरते. मेंढीच्या गर्भाशयमुखात आडव्या वळ्या असल्याने रेतननळी आत शिरत नाही. वीर्य तोंडाशी सोडावे लागते, पुढची वाट शुक्राणूंनाच कापायची असते. साठवणीच्या दर दिवसामागे गर्भधारणेचे प्रमाण 10 ते 35 टक्क्यांनी घसरते, ते यामुळे.

‘त्यापेक्षा गोठीत वीर्य बरे’ म्हणावे, तर तोंडाशी सोडलेल्या गोठीत वीर्याने फार कमी मेंढ्या गाभण राहतात. चांगल्या निकालासाठी ते दुर्बिणीद्वारे थेट गर्भाशयात सोडावे लागते. फ्रान्समध्ये रोकफोर चीजसाठी पाळलेल्या लाकोन मेंढ्यांना दुधाच्या विरलकात 15 अंशांवर ठेवलेले वीर्य त्याच दिवशी देतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही द्रवरूप वीर्याच्या रेतनावर काम केले आहे. आपल्या माडग्याळ किंवा दख्खनी कळपांसाठी मला हीच वाट योग्य वाटते.

नळीवर वीर्य काढल्याची वेळ लिहा. दिवस उलटला, तर शिल्लक मात्रा वापरण्याचा मोह टाळा. मेंढा दिवसातून अनेकदा वीर्य देऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी माजावर आलेल्या मेंढीसाठी ताजे काढणेच स्वस्त पडते.