एकच सायकल : क्लासलाही, शेतालाही

यंदा जूनमध्ये आमची बारा हजारांची भिशी लागली आणि त्याच आठवड्यात मुलीचा क्लास बदलला. लातुरात घरापासून साडेचार किलोमीटर. रिक्षाचा हिशोब केला तर वर्षाच्या आत भिशी संपते. हप्त्यावर स्कूटी घेण्याचा विषय निघाला. पण व्याजाचे हप्ते घरात आणायचे नाहीत, हे तिच्या अब्बांनी आधीच ठरवलेले. शिवाय सोळाव्या वर्षी साध्या स्कूटीचे लायसन्स मिळत नाही. राहिली सायकल.

सायकलीच्या बाबतीत आमचे घर एकदा पोळले आहे. चार वर्षांपूर्वी मुलासाठी दोन स्प्रिंगांची, डिस्क ब्रेकची, एकवीस गिअरची सायकल आणली होती. दिसायला मोटारसायकलच. सहा महिन्यांत पुढची स्प्रिंग गंजून अडकली, डिस्क वाकडी होऊन चाकाला घासू लागली आणि गिअर एकाच जागी बसले. आज ती जिन्याखाली आहे. म्हणून या वेळी दुकानात जाण्याआधी गल्लीतल्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते म्हणाले, “भाभी, आधी रस्ता सांगा, मग सायकल सांगतो.”

रस्ता असा : रोजचे डांबर आणि सिमेंट, मध्ये खड्डे आणि गतिरोधक. रविवारी औशाकडच्या शेताला जायचे, त्यात शेवटचे तीन किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात तिथे फुफाटा, पावसाळ्यात काळी माती. नांदेडला माझा भाचा राहतो, त्याचेही तसेच. देगलूर नाक्याकडून विष्णुपुरीच्या विद्यापीठापर्यंत डांबर आणि सुट्टीत अर्धापूरच्या केळीच्या बागांतून कच्ची वाट. दोघांनाही डोंगर उतरायचा नाही आणि शर्यतही लावायची नाही. अशा मधल्या कामासाठी जी सायकल मिळते तिला दुकानदार ‘हायब्रिड’ म्हणतात. चाक मोठे, टायर मध्यम जाडीचा, हँडल सरळ आणि पुढचा चिमटा बिनास्प्रिंगचा.

स्प्रिंग नको म्हटले की मुले नाराज होतात. पण स्वस्त सायकलीतली स्प्रिंग किलोभर तरी वजन वाढवते, चढावर पायांचा जोर खाते आणि तिची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होत नाही. खड्ड्याचा दणका खरे तर टायर सोसतो. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचा. 700 × 35 ते 700 × 40 असेल तर डांबरावर हलका चालतो आणि पाणंदीतही रुतत नाही. 25 किंवा 28 असेल तर ती शर्यतीची सायकल, आपल्या खड्ड्यांत रिम वाकेल. 26 × 2.1 चा गुटगुटीत टायर शेतात छान, पण रोजच्या नऊ किलोमीटरला दमवतो. हवा छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवावी; पाणंदीवर पकड चांगली राहते.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र काटा. बाभूळ, वेडी बाभूळ आणि बांधावरचे सराटे. ट्यूबमध्ये भरायचे जेल मिळते. काट्याचे बारीक भोक ते बुजवते, काचेचा चिरा बुजवत नाही. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे ना, हेही पाहावे. बारीक, उंच व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवा भरता येत नाही आणि ट्यूबसाठी शहर गाठावे लागते.

ब्रेकवर आमच्या घरात वाद झाला. डिस्क चिखलात चांगली, हे खरे. काळी माती रिमच्या ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. काडीने खरवडत ढकलत न्यावे लागते. पण असे दिवस वर्षात थोडे, आणि त्या दिवसांत पाणंदीत कोण जातो? रिमच्या ब्रेकचे रबर कुठेही मिळते आणि थोडे शिकवले तर मुलगी स्वतः बदलते. आम्ही तोच घेतला. गिअरचेही तसेच : मागे सात, पुढे एक चाक, एवढे लातूरला पुष्कळ. कंधारच्या बाजूला, बालाघाटाच्या चढ-उतारात राहणाऱ्यांनी पुढे दोन किंवा तीन चाकांचा विचार करावा.

मुलींच्या सायकलीबद्दल दुकानात कुणी सांगत नाही ते इथे लिहिते. हायब्रिडला बहुधा चेनचे कव्हर नसते. अबाया, ओढणी किंवा सलवारीचा पायचा चेनमध्ये गेला की पोर थेट रस्त्यावर पडते. वरची दांडी उतरती असलेली फ्रेम घ्या, चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून मागा. ओढणी मागे गाठ मारून आत खोचायची, हा नियम आमच्याकडे हेल्मेटइतकाच पक्का आहे. कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमला भोके आहेत का, तेही पाहा. नसतील तर दप्तर कायम पाठीवर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा जुन्या काळ्या सायकलींनी घागरी वाहिल्या. ते ओझे या नव्या सायकली पेलणार नाहीत, पण दहा किलोची पिशवी न्यायलाच हवी.

मापाला घाई करू नका. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेणे, हे कपड्यांना ठीक. दांडीवर उभे राहिल्यावर शरीर आणि दांडी यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा.

पैशांचे म्हणाल तर बारा हजारांत बिनागिअरची हायब्रिड सुखाने येते, सात गिअरची शोधून येते. कुलूप, दिवा, हेल्मेट, कॅरिअर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. पक्क्या बिलावर तो पाहा आणि फ्रेमचा नंबर बिलावर लिहून घ्या. जुनी चांगली मिळत असेल तर तीही घ्यावी, पण फ्रेमच्या जोडांवर तडा नाही ना, हे मिस्त्रीला दाखवून.

मुलीची सायकल करड्या रंगाची आहे. पहिल्या पंधरा दिवसांत स्पोक सैल होतात, म्हणून चाचांनी पुन्हा आणायला सांगितले होते. ती स्वतः घेऊन गेली आणि परत येताना जिन्याखालच्या सायकलीसाठी साधा चिमटा केवढ्याला बसेल, हेही विचारून आली.